हातात फुटली ती कासारणीची

आमच्या डिंगोऱ्यात बांगड्या भरणाऱ्या बाईला कासारीण म्हणतात, मग ती कुठल्या का घरातली असेना. बिबिजान जुन्नरची. घरात हिंदी बोलणारी, रमजानचे रोजे धरणारी. पण डिंगोऱ्याच्या स्टँडवर एसटीतून उतरली आणि खांद्यावरची पिशवी सावरली, की ती कासारीण झाली. बायका बांगड्या भरून घेतात, उठताना तिला वाकून नमस्कार करतात आणि ती म्हणते, "सुखी ऱ्हा." हे मी लहानपणापासून बघतोय. त्यात कुणाला काही नवल वाटत नाही, आणि वाटायचं कारणही नाही.

तिच्या धंद्याची एक खुबी आहे. बांगडी भरताना बाईचा हात तिच्या हातात असतो, त्यामुळं बाईला मधेच उठून जाता येत नाही. बिबिजान अंगठ्याखालचं हाड दाबत दाबत विचारते, "सून आली का गं माहेराहून?" आणि हात अडकलेली बाई सगळं सांगून मोकळी होते. गावातली निम्मी लग्नं अशी जुळली आणि बरीच भांडणं अशीच मिटली. माझ्या थोरल्या बहिणीचं स्थळही तिनंच आणलं. भाऊजींचा स्वभाव बघता मी तिला अजून पूर्ण माफ केलेलं नाही.

आणि धंद्याचा एक नियम आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण मोडतही नाही कुणी. बांगडी मनगटावर चढता चढता फुटली तर ती कासारणीची. तिचे पैसे घ्यायचे नाहीत. एकदा चढून बसली की मग बाईची. पुढं गोठ्यात फुटो नाही तर भांडणात, कासारणीला बोल नाही. आमच्या बायका 'फुटली' म्हणतही नाहीत, 'वाढली' म्हणतात. बिबिजान मात्र बिनधास्त फुटली म्हणते. नुकसान तिचं असतं ना.

नवरा गेल्यापासून तिचं सगळं या पिशवीवर चाललं. मुलगा झीशान मोबाइल दुरुस्त करतो, बरा कमावतो, पण त्याच्याकडं हात पसरायची तिला सवय नाही. अलीकडं गुडघे गेले. पिशवी घेऊन एसटीची पायरी चढताना ती कंडक्टरकडं अशी बघायची, की पायरी त्यानंच मुद्दाम उंच केलीये. म्हणून तिनं ठरवलं होतं, जुन्नरला स्टँडच्या मागं एक गाळा घ्यायचा. गल्ल्याच्या मागं बसायचं, बायका येतील तेव्हा भरायचं. डिपॉझिटचे पैसे तिनं साताठ वर्षं जमवले होते. गाळा बघून ठेवला होता, मालकाशी बोलणंही झालं होतं. "आता मी न्हाई येणार, तुमीच यायचं माझ्याकडं," असं ती गेल्या संक्रांतीला प्रत्येक दारात सांगत होती.

त्याच संक्रांतीत बर्फाचं खूळ निघालं.

सुरुवात आशानं केली. ही आमच्या शेजारची, टीव्हीवर सगळं बघणारी आणि बघितलेलं सगळं पाहिजे असणारी. "एकदा बर्फ बघायचाय," ती हात पुढं करून म्हणाली. बिबिजान म्हणाली, "वारूळवाडीचा चांगदेवशेठ ट्रिपा नेतो मनालीला. मला म्हनला, डझनभर बायका आण, तुझी सीट फुकट." डझन हा शब्द तिच्या तोंडात मुरलेला होता. बारा बायका म्हणजे तिला एक पुडाच वाटला असणार.

माझी आई, बाळाबाई, या पुड्यातली पहिली बांगडी. आमचं घर मूळचं मेंढरांचं. आजोबांनी मेंढरांमागं अर्धा महाराष्ट्र पायी पालथा घातला, पण पैसे भरून कुठं फिरायला जायचं हे आमच्याकडं पहिल्यांदाच घडत होतं. आईनं त्यासाठी दोन मेंढ्या विकल्या. वडील, म्हणजे राघूअण्णा, म्हणाले, "बर्फ बघायला दोन मेंढ्या? मी फ्रिजचं दार उघडून दाखवतो तुला."

"तुमी फ्रिज धुता का कधी? मग गप ऱ्हावा," आई म्हणाली.

बायकांनी पैसे बिबिजानच्या हातात दिले. चांगदेवशेठला कुणी ओळखत नव्हतं, ओळखायची गरजही नव्हती. बिबिजाननं ते वारूळवाडीत नेऊन भरले. आणि माघात एका पहाटे डझनभर बायका अन् एक कासारीण, स्वेटर, शेंगदाण्याची चटणी आणि आठवडाभर पुरतील एवढ्या दशम्या घेऊन निघाल्या. पुण्यापर्यंत गाडी, पुढं रेल्वे.

रेल्वे छान झाली. त्याबद्दल आजतागायत कुणाची तक्रार नाही. चंदीगडला उतरून बसनं डोंगरात जायचं होतं. तिथं टूर मॅनेजरनं सांगितलं, की पुढचा रस्ता बंद आहे, फार बर्फ पडलाय.

आशा म्हणाली, "फार पडलाय म्हंजे? आमी त्याच्याचसाठी आलो ना?"

दुसऱ्या दिवशीही बंद. तिसऱ्या दिवशीही. लॉजच्या खिडकीतून धुकं दिसायचं आणि धुक्याच्या अलीकडं एक टायरचं दुकान. बायकांनी दशम्या संपवल्या. शेवटी मॅनेजरनं डोकं लढवलं आणि त्यांना एका मॉलमध्ये नेलं. तिथं तिकीट काढून एका खोलीत सोडतात. खोलीत मशीननं केलेला बर्फ. भाड्याचे जाडजूड कोट घालून, खालून लुगड्याचे काठ दाखवत, आमच्या बायका त्यात वीस मिनिटं उभ्या राहिल्या. मॅनेजरनं भरपूर फोटो काढले. मग परतीची रेल्वे.

घरी आल्यावर अण्णांनी विचारलं, "कसा व्हता बर्फ?"

"बाजारात मासळीवाल्याकडं असतो तसा," आई म्हणाली आणि मेंढ्यांकडं गेली. उरलेल्या.

आता खरी गोष्ट. रस्ता बंद होण्यात चांगदेवशेठचा दोष नव्हता, हे सगळ्यांना मान्य होतं. पण मनालीचं हॉटेल, तिथल्या गाड्या, तिथलं जेवण, यातलं काहीच झालं नव्हतं आणि त्याचे पैसे घेतलेले होते. बिबिजान वारूळवाडीला गेली. काचेचं दार, आत गारवा, टेबलावर खेळण्यातलं विमान. चांगदेवशेठ गोड माणूस. चहा मागवला आणि म्हणाला, "मावशी, पैसे कुठं जात नाहीत. पुढच्या वर्षी कुठल्याही टूरला या, तेवढी सूट देतो. रोख मात्र परत देत नाही आम्ही. नियम आहे."

"शेठ, त्या पुन्हा कशाला येत्यात? त्यांच्या घरचे पाठवायचे न्हाईत."

"मग त्यांची मर्जी."

गावात तिला कुणी एका शब्दानं बोललं नाही, आणि हेच वाईट झालं. शिव्या दिल्या असत्या तर तिनं ऐकून घेतल्या असत्या, उलट दिल्याही असत्या. पण बायका गप्प होत्या. तिच्यापुढं हात करायच्या, बांगड्या भरायच्या, नमस्कार करायच्या. फक्त हात तिच्या हातात असताना पूर्वीसारखं काही सांगायच्या नाहीत. बिबिजान विचारायची, "काय नवीन?" आणि बाई म्हणायची, "काय न्हाई."

पुढच्या खेपेला ती बांगड्यांच्या पिशवीशिवाय आली. लहान पिशवी होती, ती पोटाशी धरलेली. घरोघर जाऊन तिनं प्रत्येकीच्या हातात निम्मे पैसे ठेवले. "रेल्वे झाली, ऱ्हानं झालं, ते गेलं. न्हाई झालं त्याचं हे."

आईनं विचारलं, "कंपनीनं दिलं?"

"दिलं असं समज."

आईनं तसं समजलं. सगळ्यांनीच समजलं. आशानं त्यातून लगेच एक करडू घेतलं आणि त्याचं नाव मनाली ठेवलं.

इकडं झीशानला काहीच माहीत नव्हतं. तो आपल्या परीनं चांगदेवशेठच्या मागं लागला होता. फोन करायचा, मेसेज टाकायचा, ग्राहकांच्या हेल्पलाइनवर तक्रारही नोंदवली त्यानं. तेव्हा शेठच्या ऑफिसातून एका मुलीनं बाराही बायकांना एकेक फोन केला: "सहलीचे पैसे मिळाले का?" आता आमच्या बायका खोटं कशाला बोलतील? प्रत्येकीनं सांगितलं, मिळाले. झीशान ऑफिसात गेला तर शेठ हसला. "तुझे पॅसेंजर समाधानी आहेत बाबा. रेकॉर्डिंग आहे माझ्याकडं. आणि तुझी आई तर फुकट सीटवर गेलेली, तिचा काय संबंध?"

झीशान घरी येऊन आईसमोर उभा राहिला. "अम्मी, सच बता. पैसे कुणी दिले?"

त्या दिवशी त्यांच्या घरात काय झालं ते मला माहीत नाही. झीशान एवढंच म्हणतो, की त्यानं आवाज चढवला आणि मग त्याला स्वतःलाच स्वयंपाक करावा लागला.

गावाला कळलं ते माझ्या आईमुळं. रविवारी जुन्नरच्या बाजारात गेली होती. म्हणाली, बिबिजानचा गाळा बघून येऊ, नारळ घेऊन जाऊ. स्टँडच्या मागं गेली, तर गाळ्यात मोबाइलची कव्हरं टांगलेली. आईला वाटलं, झीशानचंच असेल. आत कुणी अनोळखी पोरगा बसलेला. त्यानं सांगितलं, "ती कासारीण मावशी? तिचं डिपॉझिट जमलं नाही म्हणून मालकानं मला दिला."

आई नारळ घेऊन परत आली. तो नारळ देव्हाऱ्यापुढं न फोडता ठेवलेला बघून अण्णांना वाटलं, कुणीतरी आजारी आहे.

संध्याकाळी आमच्या ओट्यावर बाराजणी जमल्या. आईनं सगळं सांगितलं. मग आशा म्हणाली, "मी करडू विकते."

"करडू ऱ्हाऊ दे. आधी तिला पैसे परत देऊ, आनि मंग शेठकडं आपलं आपन मागू," आई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिघीजणी पैसे घेऊन जुन्नरला गेल्या आणि तसेच्या तसे घेऊन परत आल्या. बिबिजाननं हात लावला नव्हता. म्हणाली, "बाळाबाई, बांगडी माझ्या हातात फुटली. फुटलेल्या बांगडीचे पैसे मी कधी घेतले का तुझ्याकडनं? आता या वयात घेऊ?"

आई घरी येऊन चडफडत होती. "लई ताठ बाई. गुडघे गेले, पन मान वाकंना."

मी म्हणालो, "तिची बांगडी तिच्याच हातात फुटली हे खरं. पण तिला ती विकली कुणी?"

आईनं माझ्याकडं बघितलं. माझ्याकडं ती इतक्या आदरानं क्वचितच बघते, म्हणून लक्षात आहे.

बुधवारी टोमॅटोचा पिकअप रिकामा होता. बाराजणी त्यात चढल्या. ड्रायव्हरशेजारी मी, कारण झीशाननं सांगितल्याप्रमाणं तक्रार-अर्ज मी टाइप केला होता आणि तो हातात धरायला एक शिकलेला माणूस हवा होता. जुन्नरला गाडी थांबवून आईनं बिबिजानला हाक मारली. "पिशवी घे. वारूळवाडीला बांगड्या भरायच्यात."

"कुनाकडं?"

"हाय एक घर. समद्या जनी भरनार हाय."

लग्नघर असेल असं समजून बिबिजान पुढच्या सीटवर बसली आणि मी मागं टोमॅटोच्या कॅरेटवर. चांगदेवशेठच्या काचेच्या दारापुढं गाडी थांबली तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती खाली उतरेना.

"हे काय गं, बाळाबाई?"

"बांगड्या भरायच्यात म्हनलं ना? आत गार हाय. चल."

चांगदेवशेठ खुर्चीतून अर्धवट उठला आणि तसाच राहिला. बाराजणी आत आल्या, खुर्च्या दोनच होत्या म्हणून चकचकीत फरशीवर मांडी घालून बसल्या. आईनं हात पुढं केला. बिबिजान क्षणभर उभी होती. मग बसली, पिशवी उघडली आणि बांगड्या काढायला लागली. हात पुढं आलेला असताना गप्प बसणं तिला जमत नाही.

"मावशी, हे ऑफिस आहे," शेठ म्हणाला.

"असू दे की. आमी कुठं आवाज करतोय?" आई म्हणाली. "शेठ, आमचं मनालीचं ऱ्हायलंय."

"ते मिटलंय. तुम्हाला पैसे मिळालेत. तुम्हीच सांगितलंय फोनवर."

"मिळालं म्हनले. तुमी दिलं म्हनले का?"

"तसंच झालं ते."

"न्हाई हो. लावा ते रेकॉर्डिंग."

शेठ हुशार माणूस, पण त्यानं ती रेकॉर्डिंगं स्वतः कधी ऐकली नव्हती. मुलीनं सांगितलं, सगळ्या 'हो' म्हणाल्या, तेवढं त्याला पुरलं. त्यानं कॉम्प्युटरवर एक लावलं. माझ्या आईचा आवाज, फोनवर ती नेहमी बोलते तसा, पलीकडच्या डोंगरावरच्या माणसाला हाक मारल्यासारखा: "मिळालं, मिळालं. ठेवते, दूध उतू चाललंय." शेठचा चेहरा उजळला. त्यानं दुसरं लावलं. ते आशाचं होतं.

"मिळाले ना. बिबिजाननं घरी आनून दिले. आता ते तुमच्याकडनं आले का तिच्या पदरचे, ते तिला इचारा. मला काय ठाव? आनि ताई, तुमच्याकडं बर्फ कसला देता हो, मशीनचा?"

ऑफिसातली मुलगी खाली मान घालून हसली. बिबिजान मात्र आशाकडं बघत होती. "म्हंजे तुला संशय व्हता?"

"तू पिशवी पोटाशी धरून आली व्हतीस," आशा म्हणाली. "शेठच्या पैशाला एवढं कोन जपतं?"

"मग करडू का घेतलंस गं?"

"तेच तर खातंय मला तवापासनं."

शेठनं रेकॉर्डिंग बंद केलं. म्हणाला, हॉटेलवाल्यानं अजून त्याचे पूर्ण पैसे दिलेले नाहीत; म्हणाला, धंद्यात असं चालतं; म्हणाला, बर्फ दाखवलाय, फोटो आहेत. मी अर्ज टेबलावर विमानाशेजारी ठेवला. त्यानं पहिला परिच्छेद वाचला आणि दुसऱ्यासाठी चष्मा डोळ्यांवर चढवला. तेवढ्यात दार उघडून एक म्हातारा-म्हातारी आत आले. पार तिकडून, आहुप्याच्या बाजूनं आलेले, काशीला जायची चौकशी करायला. फरशीवर बांगड्या भरणाऱ्या बायका बघून ते दारातच थबकले.

"या, बसा," आईनं सरकून जागा केली. "ट्रिपला जायचंय? लई छान नेत्यात. आमी बर्फ बघून आलो. मॉलमधी."

"बाळाबाई," शेठ एकदम हळू आवाजात म्हणाला.

नेमकं त्याच वेळी आशाच्या हाताशी टक्क आवाज झाला. बांगडी फुटली. आशाचा हात मुळात जाड, आणि त्यात ती शेठकडं बघत होती. बिबिजाननं तुकडे उचलले, बाजूला ठेवले आणि दुसरी बांगडी घेतली.

आई शेठला म्हणाली, "ही कुनाची?"

शेठ वारूळवाडीचाच. त्याच्या घरातही बायका आहेत. "कासारणीची," तो म्हणाला.

"का?"

"हातात फुटली म्हणून."

"चढली नव्हती ना अजून? आमची मनाली बी चढली नव्हती, शेठ. तिनं तिच्या पदरचं भरून दिलं, कारन आमी तिच्या हातात हात दिला व्हता. तिनं तुमच्या दिला व्हता. आता तुमी कुनाकडं बोट दाखवता ते तुमचं तुमी बघा."

दारातल्या म्हाताऱ्यानं म्हातारीला विचारलं, "काय झालं गं?" आणि म्हातारी म्हणाली, "थांबा, ऐकू द्या."

चांगदेवशेठनं अर्ज उचलून खणात टाकला. मग मुलीला म्हणाला, "चेकबुक दे." आणि आम्हाला म्हणाला, "नाव कुणाचं टाकू?"

बाराजणींनी एकाच वेळी बिबिजानकडं बघितलं. शेठनं तिचं नाव टाकलं. निम्मे तेव्हा दिले, उरलेले होळीपर्यंत झीशानच्या फोनवर आले. हेही सांगायला हवं, की त्यानं दिले. बिबिजाननं आधी फुकट सीटचा हिशोब मांडला. म्हणाली, माझं फुकट व्हतं, माझं काय धरू नका. शेठ म्हणाला, "धरलं नाही, मावशी. आता घरी जा." उठताना तिनं सवयीनं त्याला म्हटलं, "सुखी ऱ्हा." दार त्यानंच उघडून धरलं.

तो गाळा गेला तो गेलाच. त्यात अजून मोबाइलची कव्हरं लटकतात. पण जिन्याखाली एक अरुंद जागा मिळाली, दोन माणसं बसली की तिसऱ्यानं बाहेर उभं राहायचं अशी. बिबिजान आता तिथं बसते. गुडघ्यांवर गोधडी, समोर काचेची पेटी. आईनं पहिल्या दिवशी तोच नारळ नेऊन दिला. तोवर तो आतून वाळून खडखडत होता.

गेल्या रविवारी मी आईला घेऊन गेलो. एसटीतून उतरून स्टँड ओलांडून जिन्याखाली पोचेपर्यंत आईला धाप लागली. आता तिचेही गुडघे बोलायला लागलेत.

"दारात यायचीस तेच बरं व्हतं," ती बसता बसता कुरकुरली. "आमाला एवढं लांब यायला लावतीस."

"मग घे चेक, दे शेठला परत," बिबिजान म्हणाली. "मी येते दारोदार."

आईनं हात पुढं केला. बिबिजाननं तो धरला, अंगठ्याखालचं हाड चाचपलं आणि विचारलं, "काय नवीन?"

आई म्हणाली, "सांगते. आधी ह्याला जरा बाहेर पाठव."

मी बाहेर जाऊन उभा राहिलो. बराच वेळ लागला.